वाचकांचे प्रश्न : लिहिलेल्या सूचनेवरून, अनेक हातांनी काढायचं चित्र

प्रश्न : शाळेच्या सभागृहातली १० फूट × ६ फूट भिंत मिळाली आहे. नववीच्या १६ मुलांकडून सॉल लेविट यांचं पन्नास बिंदूंचं वॉल ड्रॉइंग करून घ्यायचं आहे. एका दिवसात होईल का? आणि बिंदू ‘कुठेही’ घ्यायचे, तरी ‘सारखे पसरलेले’ हवेत, हे दोन्ही कसं जमवायचं?
– कलाशिक्षिका, सातारा

उत्तर : एका दिवसात होणार नाही. इतर वाचकांसाठी आधी सूचना सांगतो. अमेरिकन चित्रकार लेविट यांनी १९७१ साली बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सच्या कलाशाळेसाठी ती लिहिली. तिचा आशय एवढाच : भिंतीचा सलग भाग घ्या, कठीण पेन्सिलीने पन्नास बिंदू कुठेही पण भिंतभर सारखे पसरतील असे मांडा आणि सगळे बिंदू सरळ रेषांनी एकमेकांना जोडा.

वाचायला अर्धा मिनिट लागतो, पण पन्नास बिंदूंतला प्रत्येक बिंदू उरलेल्या ४९ बिंदूंना जोडायचा म्हणजे ५० गुणिले ४९ भागिले २, एकूण १,२२५ रेषा. तुमच्या भिंतीवर एका रेषेची सरासरी लांबी सव्वाचार फुटांच्या आसपास येईल. सगळ्या मिळून दीड किलोमीटरहून जास्त. पट्टी धरणारा एक आणि रेषा ओढणारा एक अशी जोडी एका रेषेला दीड मिनिट घेईल असं धरलं, तरी एका जोडीचे तीस तास होतात. दहा फुटांच्या भिंतीपुढे एका वेळी चारच जोड्या नीट उभ्या राहतात. म्हणून दोन पूर्ण दिवस ठेवा आणि उरलेल्या चार जोड्यांना नोंदवही, पेन्सिलींना टोक करणं आणि लांबून पाहणं ही कामं पाळीपाळीने द्या. एवढा वेळ नसेल तर बिंदू २५ घ्या, म्हणजे रेषा ३०० होतात. मात्र ते लेविट यांचं काम म्हणून सांगू नका.

भिंत आधी तपासा. साध्या डिस्टेंपरवर कठीण पेन्सिल ओरखडे काढते आणि भुकटी सुटते, ऑइल पेंटच्या चकाकीवर शिसं धरतच नाही. पुट्टी भरून, १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून, वर मॅट प्लास्टिक इमल्शनचे दोन हात द्या आणि चार दिवस वाळू द्या. पेन्सिल ४एच. लांब रेषांसाठी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप चांगला, पण नुसतं ॲल्युमिनियम पांढऱ्या मॅट रंगावर घासलं की करडा डाग पडतो. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला मास्किंग टेप लावा, पाइप घसरतही नाही.

आता बिंदू. मुलांना मोकळं सोडलं तर ती कडा टाळतात आणि बिंदू मध्यभागी गोळा होतात. रेषा मुळातच मध्ये दाटतात, त्यात बिंदूही मध्ये आले की मधे काळा गोळा आणि चारही कोपरे रिकामे. उपाय सोपा आहे. वरच्या कडेला दर फुटावर आणि उभ्या कडेला दर १४.४ इंचांवर बारीक खूण करा. मनात १० × ५ अशी पन्नास घरं तयार होतात, भिंतीवर ती आखायची नाहीत. प्रत्येक घरात एकच बिंदू, पण घरात नेमका कुठे ते चिठ्ठी उचलून ठरवा : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मध्ये. कडेच्या घरांतले काही बिंदू कडेपासून दोन-तीन इंचांवर यायलाच हवेत. मग दोरा ताणून पाहा. तीन बिंदू एका ओळीत आले तर रेषा एकमेकींवर बसतात आणि मोजणी चुकते. त्यातला एक बोटभर सरकवा.

बिंदूंचे क्रमांक भिंतीवर लिहू नका, कागदावर नकाशा करून त्यावर लिहा. पहिल्या बिंदूपासून ४९ रेषा, दुसऱ्यापासून ४८, तिसऱ्यापासून ४७, असा क्रम ठेवा आणि प्रत्येक रेषेची वहीत टिक करा. सहाशेच्या पुढे रेषा गेल्या की कुठली राहिली हे डोळ्यांना कळत नाही, फक्त वहीला कळतं. क्रमांक वरून खाली द्या, म्हणजे हात आधी काढलेल्या भागावर कमी घासेल. प्रत्येक बिंदू संपला की पाइपची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. खोडरबर वर्गातच ठेवून या, तो मॅट रंगावर चकाकणारा डाग पाडतो आणि तो डाग चुकलेल्या रेषेपेक्षा जास्त दिसतो.

कुणाची रेषा गडद, कुणाची फिकी येईल, ते एकसारखं करत बसू नका. प्रत्येक माणूस रेषा वेगळी ओढतो आणि शब्दही वेगळे समजून घेतो, हे लेविट यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि प्रत्यक्ष रेखाटणाऱ्यांना ते सहकारी मानत. बिंदू किती आणि रेषा कशा, हे सूचनेने बांधलं आहे. हाताचा दाब तिने मोकळा ठेवला आहे आणि मुलांचा वाटा तिथे आहे.

प्रश्न : ‘उभ्या, सरळ नसलेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या रेषा भिंतभर सारख्या’ ही सूचना सातवीच्या मुलांना दिली. चित्रात सगळीकडे एकच मोठी लाट उठली. असं का झालं?
– पालक, चिपळूण

उत्तर : मुलांनी एका टोकापासून सुरुवात केली असणार. शेजारची रेषा जिथे वळली तिथे पुढचीही वळते, थोडी जास्तच वळते, आणि वीस रेषांनंतर बारीक वळणाची लाट होते. प्रत्येकाला वेगळी जागा द्या. आधी फूट-फूट अंतरावर एकेक रेषा, मग दोन रेषांच्या मध्ये एक, मग पुन्हा मध्ये. लाट धरायला शेजारच उरत नाही. ‘सारख्या’ म्हणजे मोजून सारखं अंतर नव्हे, लांबून पाहिल्यावर कुठे भगदाड किंवा गर्दी दिसू नये, एवढंच.

दुसरी अडचण उंचीची. मूल स्टुलावरून रेषा खाली आणतं, उतरताना पेन्सिल उचलतं आणि पुन्हा टेकवतं तिथे गाठ दिसते. सगळ्यांचं स्टूल एकाच उंचीचं असल्यामुळे त्या गाठींची एक आडवी ओळच तयार होते. खाली उभ्या असलेल्या जोडीदाराने आपली पेन्सिल वरच्याच्या टोकाशी टेकवावी, दोघांनी बोटभर अंतर एकत्र यावं आणि मग वरच्याने हलकेच हात काढावा. हे पाच-सहा वेळा रद्दी कागदावर करून घ्या. कागद भिंतीवर लावून काढत असाल तर मागे पुठ्ठा हवाच, नाहीतर प्लास्टरचा खरखरीतपणा रेषेत उतरतो.

ही सूचना १९७० सालची आहे. लेविट यांची मैत्रीण, शिल्पकार एव्हा हेस त्या वर्षी मे महिन्यात गेली आणि हे रेखाटन त्यांनी तिला अर्पण केलं. तोवर त्यांच्या भिंतींवर सरळ रेषाच असत. मुलांना हे जरूर सांगा, रेषा ओढण्याचा वेग आपोआप कमी होतो.

प्रश्न : आमच्या कॅफेच्या भिंतीवर असं रेखाटन करून खाली लेविट यांचं नाव लिहिलं तर चालेल का?
– वाचक, पुणे

उत्तर : नाही. त्यांची भित्तिरेखाटनं प्रमाणपत्र आणि आकृतीसह विकली जातात. भिंत रंगवून टाकली तरी काम ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याचंच राहतं आणि दुसरीकडे पुन्हा काढता येतं. अमेरिकेतल्या नॉर्थ ॲडम्स इथल्या मास मोका संग्रहालयात २००८ साली, म्हणजे ते गेल्यानंतरच्या वर्षी, अशी १०५ रेखाटनं इतरांच्याच हातांनी काढली गेली. वर्गात सराव म्हणून करणं वेगळं. व्यवसायाच्या जागेसाठी स्वतःची सूचना लिहा आणि खाली ती लिहिणाऱ्याचं नाव टाका, सोबत रेखाटणाऱ्या प्रत्येकाचंही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या तीन शहरांतल्या शाखांनी दिवाळीत एकाच सूचनेवरून चित्र करावं असं ठरलं आहे. सूचना कशी लिहावी?
– वाचक, टोरांटो

उत्तर : ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक उघडा. ‘१५ ते ८’ एवढं वाचून घरातली कुणीही मधली ओळ १५ ठिपक्यांची घालते, दोन्ही बाजूंना एकेक कमी करत आठवर थांबते आणि १६९ ठिपके बिनचूक पडतात. किती, कुठून आणि कुठे थांबायचं, हे तिन्ही त्यात आहे. नव्या सूचनांमध्ये थांबण्याचा नियमच बहुतेक वेळा विसरला जातो.

एक नमुना देतो, हवा तर वापरा : ‘८ फूट × ४ फूट कागदाच्या कडांवर, कोपरे सोडून, २४ खुणा करा. चोवीस जणांनी चिठ्ठीने क्रम ठरवावा. आपल्या पाळीला आपल्या खुणेपासून दुसऱ्या कोणत्याही कडेच्या दिशेने एक सरळ रेषा ओढावी. आधीच्या तीन रेषा छेदल्या की तिसऱ्या छेदावर थांबावं. तीन छेद झाले नाहीत तर कडेपर्यंत जावं.’

पहिल्या तीन रेषा हमखास एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातील, कारण छेदायला तीन रेषाच नसतात. नंतरच्या बहुतेक आखूड होत जातील आणि गर्दी कडांशी वाढेल. खुणा कुठे आणि दिशा कोणती हे मोकळं असल्यामुळे तिन्ही शहरांत चित्रं वेगळी निघतील. पाळीचा नियम काढू नका. दोघांनी एकदम रेषा ओढल्या तर कुणाची आधीची, यावर काम अडतं.

पाठवण्याआधी सूचना दोन अनोळखी माणसांना द्या आणि ती काम करत असताना गप्प बसा. जिथे ती थबकून तुमच्याकडे पाहतील ते वाक्य दुरुस्त करा. एका वाक्यात एकच क्रिया ठेवा. ‘सुंदर’, ‘योग्य’, ‘साधारण’ हे शब्द काढा. दिवाळीच्या दिवशी एखाद्या शाखेचा फोन आला तर त्या शाखेला तोंडी उत्तर देऊ नका. उत्तर लिहून तिन्ही शाखांना एकाच वेळी पाठवा, नाहीतर एका ठिकाणी सूचनेवरून चित्र होईल आणि दुसऱ्या ठिकाणी तुमच्या फोनवरून.