जकात नाही, मग चालतं कशावर?

प्रश्न: मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हाँगकाँगच्या अर्थव्यवस्थेचे चार खांब आम्हाला पाठ करायला दिलेत: वित्तसेवा, व्यापार आणि मालवाहतूक, पर्यटन, व्यावसायिक सेवा. मुक्त बंदरात जकातच घेत नाहीत, तर सरकारचा खर्च भागतो कशातून? आणि एवढं मोठं बंदर असून त्याचा वेगळा खांब का नाही?

उत्तर: तुमची दुसरी शंका आधी घेते, कारण त्या कामात मी अकरा वर्षं काढली आहेत. हाँगकाँगच्या एका लहानशा फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांचा माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, मी निर्यातीचे कागद बघायचे. क्वाय चुंग या तिथल्या कंटेनर बंदराच्या क्रेन पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मलाही वाटलं होतं, सगळा पैसा इथेच आहे. 2004 मध्ये ते जगातलं सर्वांत गजबजलेलं कंटेनर बंदर होतं. मग सिंगापूर पुढे गेलं, शांघाय गेलं, अगदी शेजारचं, चीनच्या मुख्य भूमीवरचं शेनझेनही गेलं. आमच्या टेबलावरचा कागदांचा ढीग मात्र तेवढाच राहिला.

एक किस्सा सांगते. शेनझेनच्या यानतियान बंदरातून हँबर्गला खेळणी निघाली होती. पॅकिंग लिस्टवर 480 खोकी, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर) 408. टाइप करताना आकडे उलटे पडले होते, आणि चूक माझी होती. एल.सी.चा व्यवहार, म्हणजे कागद बिनचूक असतील तर पैसे द्यायची हमी बँकेची; बँक माल बघत नाही, कागद बघते. तिने डिस्क्रेपन्सी (कागदांतली तफावत) लावून सगळा संच परत पाठवला. जहाज केव्हाच सुटलेलं. कागद 21 दिवसांत बँकेत गेले नाहीत तर पैसे अडकणार. जहाज कंपनीच्या एजंटकडे खेटे घालून दुरुस्त बिल मिळवायला पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत कोणी कोणी कमावलं बघा: बँकेने, विमावाल्याने, एजंटने, आमच्या मालकानेही. खेळणी मात्र हाँगकाँगला शिवलीसुद्धा नव्हती.

म्हणून बंदराचा सुटा खांब दिसत नाही. पुस्तकातले पहिले, दुसरे आणि चौथे खांब प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेले आहेत. जर्मन खरेदीदाराने कागद हाँगकाँगमध्येच का ठेवले? भांडण झालं तर तिथल्या कोर्टावर आणि लवादावर त्याचा भरवसा, आणि चलनाची धास्ती नाही. हाँगकाँग डॉलर 1983 च्या ऑक्टोबरपासून अमेरिकी डॉलरला 7.80 या दराने बांधलेला आहे. 2005 पासून 7.75 ते 7.85 एवढीच त्याला हलायला जागा.

पर्यटनाला मी टेकूच म्हणेन. 2018 मध्ये साडेसहा कोटी पाहुणे आले, वस्ती 75 लाखांची! त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त चीनच्या मुख्य भूमीतले. एवढी गर्दी होऊनही जीडीपीतला वाटा पाच टक्क्यांच्या आत.

आता सरकारची तिजोरी. 1841 पासून मुक्त बंदर, तरी चार गोष्टींवर शुल्क आहेच: तीव्र मद्य, तंबाखू, पेट्रोल-डिझेलसारखी तेलं आणि मिथाइल अल्कोहोल. माल बाहेरून आलेला असो की तिथेच बनलेला, शुल्क तेच. (जकात नाही म्हणून कागद नाहीत असंही समजू नका, बहुतेक मालाचं डिक्लरेशन 14 दिवसांत भरावंच लागतं.) विक्रीकर नाही. 2006 मध्ये तो आणायचं घाटत होतं, लोक इतके भडकले की सरकारने माघार घेतली. कंपन्यांच्या नफ्यावर 16.5 टक्के कर, पहिल्या 20 लाख हाँगकाँग डॉलरवर त्याच्या निम्मा. आणि जमीन! एका कॅथीड्रलची जागा सोडली तर सगळी जमीन सरकारच्या मालकीची, बिल्डरांना मिळते ती भाडेपट्ट्याने. तेजीच्या वर्षांत सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, या पट्ट्यांतून यायचा. कमी कराचं कौतुक करणाऱ्यांनी तिथलं घरभाडं भरून बघावं. मी भरलंय, कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागे. मंदीत पट्टे विकले जात नाहीत, मग अंदाजपत्रकाला भगदाड पडतं.

शुल्क काढल्याने काय होतं, याचा नमुना वाइनमध्ये दिसेल. 2008 मध्ये वाइनवरचं शुल्क शून्यावर आणलं. तेवढं उत्पन्न बुडालं, पण दोन-तीन वर्षांत बड्या लिलाव कंपन्या तिकडे वळल्या. मागोमाग थंड गोदामं आली, विमा आला, बाटली खरी की बनावट हे सांगणारे तज्ज्ञ आले. आणि हो, प्रत्येक पेटीचे कागदही.