प्रॉक्सी लावली, पण लपलो का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी प्रॉक्सीवर (आपल्या वतीने साइटशी बोलणारा मधला सर्व्हर) दोन ओळी लिहिल्या काय आणि प्रश्नांचा पाऊसच पडला. सगळे घेणं शक्य नाही, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: सर, मी प्रॉक्सी लावून "माझा आयपी काय" दाखवणारी साइट उघडली, आयपी वेगळा आला. म्हणजे काम झालं ना?

अर्धं झालं. मांजर डोळे मिटून दूध पिते तसं होतं इथे, आपल्याला आपण दिसत नाही म्हणून कुणालाच दिसत नाही असं वाटतं. ती साइट फक्त एवढंच सांगते की तिच्यापर्यंत आलेलं कनेक्शन कुठल्या पत्त्यावरून (म्हणजे आयपीवरून) आलं. आता प्रॉक्सी म्हणजे मधला निरोप्या, आणि काही निरोपे दारात जाऊन "मी आलोय, पण पाठवलंय अमक्याने" असं स्वतःहून सांगून टाकतात. हे सांगणं हेडरमधून होतं, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून. व्हाया, एक्स-फॉरवर्डेड-फॉर, फॉरवर्डेड ही त्यातली नेहमीची नावं. यात वाईट हेतू असतोच असं नाही हं, स्क्विड नावाचं प्रॉक्सीचं जुनं आणि खूप वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे, ते काही न बदलता चालू केलं तर व्हाया आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉर दोन्ही लावतं, कारण ते मुळात लपवण्यासाठी बनलेलंच नाही.

मी काय करतो सांगतो. बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा छोटा सर्व्हर असेल तर त्यावर नेटकॅट (आलेलं कनेक्शन जसंच्या तसं दाखवणारं छोटं साधन) ८०८० पोर्टवर ऐकायला बसवायचं, आणि घरच्या मशीनवरून कर्लला (कमांड लिहून पान मागवायचं साधन) प्रॉक्सी देऊन त्या सर्व्हरचा पत्ता मागायचा. समोर कच्ची रिक्वेस्ट जशीच्या तशी पडते. अशी काहीतरी:

गेट / एचटीटीपी/१.१
व्हाया: १.१ प्रॉक्सी०३ (स्क्विड)
एक्स-फॉरवर्डेड-फॉर: २०३.०.११३.७

ती शेवटची ओळ म्हणजे तुमचा खरा पत्ता. (मी लिहिलेला आकडा कुणाचाच नाही, २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) ही ओळ दिसली तर तिला ट्रान्स्परंट प्रॉक्सी म्हणतात, नुसतं व्हाया असेल किंवा पत्त्याच्या जागी "अननोन" असेल तर अनॉनिमस, म्हणजे प्रॉक्सी आहे हे कळतं पण मागे कोण ते नाही, आणि काहीच नसेल तर तिला इलीट म्हणायची पद्धत आहे. फुकट प्रॉक्सींच्या याद्यांमध्ये "इलीट" लिहिलेलं असतं त्यावर मी काडीचा विश्वास ठेवत नाही, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असे खूप नमुने बघून झालेत.

आता यातली खरी गोम. वरची टेस्ट साध्या, म्हणजे एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणं) नसलेल्या एचटीटीपीवर आहे. तुम्ही एचटीटीपीएस साइट उघडलीत तर ब्राउझर प्रॉक्सीला फक्त "कनेक्ट, अमुक साइट, पोर्ट ४४३" एवढं सांगतो आणि पुढचं सगळं एन्क्रिप्टेड जातं, प्रॉक्सीला आत हेडर घुसवताच येत नाही (तिचं सर्टिफिकेट तुम्ही आपल्या मशीनमध्ये टाकून घेतलं असेल तर मात्र येतं, ते कधीच टाकू नका). म्हणजे एचटीटीपीएसवरच्या टेस्ट पेजवर ट्रान्स्परंट प्रॉक्सीसुद्धा चकाचक पास होते! आणि हल्ली बहुतेक टेस्ट पेजं एचटीटीपीएसवरच असतात. म्हणून दोन्हीकडे तपासा, आणि ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवर उडी मारतो म्हणून साधी टेस्ट कर्लनेच करा.

प्रश्न: ज्या साइटवर एक चौकट असते, त्यात पत्ता टाकला की ते पान उघडून देतात, ती पण प्रॉक्सीच ना? त्यातून मेलला लॉगिन केलं तर चालेल?

लॉगिन अजिबात करू नका. हा प्रकार वेगळा आहे. इथे खऱ्या साइटशी तुमचं नाही, त्या प्रॉक्सीच्या सर्व्हरचं एचटीटीपीएस जुळतं, तो पान उघडतो, त्यातल्या लिंका बदलतो आणि तुमच्याकडे पाठवतो. वर दिसणारं कुलूप प्रॉक्सीच्या साइटचं, मेलचं नव्हे. पासवर्ड तिच्या हातातून उघडा जातो, चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखंच.

पण यातली लपण्याची बाजू कशी तपासायची ते मात्र मजेशीर आहे आणि त्याला कसलाच सर्व्हर लागत नाही. एफ१२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा, डोमेनचा कॉलम दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून चालू करा, आणि मग प्रॉक्सीच्या चौकटीतून एखादं जड पान उघडा, बातम्यांचं वगैरे. डोमेनच्या कॉलममध्ये सगळीकडे प्रॉक्सीचंच नाव यायला हवं. एका जागी जरी दुसरं नाव दिसलं तरी ती रिक्वेस्ट तुमच्या ब्राउझरने थेट केली, खऱ्या आयपीवरून. असं होतं कारण पानातल्या साध्या लिंका बदलणं सोपं असतं, पण जावास्क्रिप्ट चालता चालता जे पत्ते तयार करते ते सगळे पकडणं महाकठीण. मी एकदा असाच एक प्रॉक्सी तपासत होतो, शंभरेक रिक्वेस्टी सगळ्या सरळ, आणि शेवटी तळाशी एकच व्हिडिओचा तुकडा थेट खऱ्या साइटवरून येत होता. एक पुरतो.

आणखी एक, सगळ्या साइट एकाच डोमेनखाली येतात त्यामुळे ब्राउझर साइट-साइटमध्ये जी भिंत ठेवतो ती पडते, एका पानाची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या कुकीपर्यंत (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) पोचू शकते. कुठे एखादा लेख वाचायला ठीक आहे, बाकी नको.

प्रश्न: सगळं नीट होतं, पण एका लीक टेस्टने "वेबआरटीसी"खाली माझा खरा आयपी दाखवला. प्रॉक्सी फसवी आहे का?

नाही हो, प्रॉक्सी बिचारीचा दोष नाही, तिच्याकडे ती गोष्ट गेलीच नव्हती. वेबआरटीसी म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलची सोय. दोन मशीनना थेट जोडायचं तर आधी आपला बाहेरचा पत्ता कळायला हवा, म्हणून ब्राउझर एका स्टन सर्व्हरला यूडीपीने (डेटा पाठवायची एक वेगळी पद्धत) विचारतो "मी तुला कुठून दिसतोय?", आणि नेहमीची एचटीटीपी प्रॉक्सी यूडीपी नेतच नाही, मग तो प्रश्न बाजूच्या दाराने सरळ बाहेर. पानावरची स्क्रिप्ट उत्तर वाचते. २०१५ साली याचं एक साधं प्रात्यक्षिक फिरलं तेव्हा बऱ्याच जणांची झोप उडाली होती.

रिझल्ट वाचताना घाबरू नका मात्र. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो घरातल्या राउटरने दिलेला, तसा लाखो घरांत असतो. डॉट लोकलने संपणारी लांबलचक अक्षरमाला दिसली तर ब्राउझरने तो घरातला पत्तासुद्धा झाकलाय. काळजी फक्त तुमचा बाहेरचा पत्ता दिसला तर, आणि आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पत्त्यांचा प्रकार) दिसला तर जास्तच, कारण तो बऱ्याचदा थेट तुमच्या मशीनचाच असतो. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगला जाऊन मीडिया.पीअरकनेक्शन.एनेबल्ड हे फॉल्स करा, विषय संपला. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल बंद पडतील, मग "कॉल लागत नाही" म्हणून मला लिहू नका.

प्रश्न: सॉक्स प्रॉक्सी वापरतोय. डीएनएस लीक टेस्टमध्ये माझ्याच इंटरनेट कंपनीचं नाव येतं.

साइटचं नाव आयपीत बदलणं म्हणजे डीएनएस, ते कोण करतं, तुमचं मशीन का प्रॉक्सी, एवढाच हा प्रश्न आहे. सॉक्स हा प्रॉक्सीचाच एक प्रकार, त्याच्या चौथ्या आवृत्तीला नाव कळतच नव्हतं, तिला तयार आयपी द्यावा लागायचा, म्हणजे डीएनएस तुम्हीच विचारायचं. पाचवी आवृत्ती १९९६ मध्ये ठरली, तिला नावही चालतं आणि आयपीही, पण काय पाठवायचं ते तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं. फायरफॉक्सच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये सॉक्सवरून डीएनएस पाठवायची टिकची चौकट आहे ती बघा. कर्लमध्ये सॉक्स५ आणि सॉक्स५एच यात फरक तो हाच, त्या एका एचमुळे नाव प्रॉक्सीकडे जातं.

यात समोरच्या साइटला तुमचा आयपी कळत नाही, कळतं ते तुमच्या इंटरनेट कंपनीला, की तुम्ही कुठल्या साइटचं नाव विचारलंत. तेव्हा नक्की कुणापासून लपायचंय ते आधी ठरवा, साइटपासून लपायचं असेल तर हा लीक दुय्यम, कंपनीपासून लपायचं असेल तर हाच मुख्य.

प्रश्न: फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी टाकली की सगळी अ‍ॅप झाकली जातात का?

नाही. अँड्रॉइड त्याच सेटिंगखाली लिहितं की ही प्रॉक्सी ब्राउझर वापरतो, बाकीची अ‍ॅप वापरतीलच असं नाही. वाचत नाही कुणी.

प्रश्न: मधेच प्रॉक्सी बंद पडली तर?

वा, हा प्रश्न विचारणारे फार कमी असतात! मुद्दाम बंद पाडून बघा. पोर्टचा आकडा चुकीचा टाका आणि पान रिफ्रेश करा. पान उघडलं नाही, एरर आली, तर उत्तम. उघडलं तर गडबड आहे. ऑफिसांमधून जी ऑटोमॅटिक प्रॉक्सी फाइल देतात तिच्यात बऱ्याचदा प्रॉक्सीच्या नावापुढे "डायरेक्ट" हा शब्द असतो, अर्थ असा की प्रॉक्सी मिळाली नाही तर सरळ जा. इंटरनेट चालू राहावं म्हणून सोय आहे ती, पण लपणाऱ्याचा घात करते, आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही बदललेलं दिसत नाही. एक्स्टेंशनवाल्या प्रॉक्सींचं पण असंच तपासा. माझ्या मते एकच टेस्ट करायची झाली तर ही करा.

प्रश्न: आयपी, डीएनएस, वेबआरटीसी सगळं क्लीन. तरी दुकानाच्या साइटने मला ओळखलं, मागच्या वेळी बघितलेले बूट परत समोर!

कुकी पुसली नसणार. पण पुसूनही होतं, कारण ब्राउझरचा ठसा. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं काढतं, असं सगळं मिळून एक ठसा बनतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा त्या गर्दीत एकमेव निघाला. तेव्हाचे ब्राउझर वेगळे होते, आजचा आकडा तोच असेल असं नाही, पण त्यांची कव्हर युअर ट्रॅक्स नावाची टेस्ट अजून चालू आहे, करून बघा. टाइमझोन तर गंमतच आहे, प्रॉक्सी एका खंडातली आणि घड्याळ दुसऱ्या खंडातलं, न सांगता कळतं की पाहुणा लांबून आलाय.

लोक काय करतात, दहा एक्स्टेंशन टाकतात, आणि तसला दहा एक्स्टेंशनवाला ब्राउझर जगात एकट्याचाच असतो. टॉर ब्राउझर (कनेक्शन अनेक सर्व्हरमधून फिरवून ओळख लपवणारा) उलटं करतो, सगळ्यांना एकसारखं दाखवतो, खिडकीचा आकारसुद्धा ठरावीक मापात बसवतो. गर्दीत मिसळायचं तर सगळ्यांसारखा सदरा घाला.

प्रश्न: प्रॉक्सीवाले म्हणतात लॉग ठेवत नाही. हे कसं तपासायचं?

लॉग म्हणजे कोण कधी कुठे गेलं याच्या नोंदी, त्या ठेवतात का ते तुमच्या बाजूने तपासताच येत नाही, झालेली उदाहरणं बघा. २०११ मध्ये सोनी पिक्चर्सवरच्या हल्ल्याच्या तपासात हाइड माय अ‍ॅस या सेवेने कोर्टाच्या आदेशावरून लॉग दिले आणि माणूस पकडला गेला. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड नावाच्या स्वीडिश सल्लागाराने टॉरचे स्वतःचे एक्झिट नोड (जिथून टॉरची रहदारी बाहेर पडते ते सर्व्हर) चालवले आणि त्यातून वकिलातींच्या मेलचे पासवर्ड वाहताना बघितले, कारण ते लोक एन्क्रिप्शनशिवाय मेल वाचत होते. आणि डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डला बॉम्बची खोटी धमकी आली, पाठवणाऱ्याने टॉर आणि तात्पुरता मेल वापरला होता. टॉरने त्याचा पत्ता फोडला नाही. पण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर वापरणारे कोण ते नेटवर्कच्या नोंदीत होतं, त्यावरून पोलीस त्याच्या दारात पोचले, आणि त्याने कबूल केलं.

प्रश्न: मग या टेस्ट साइटवर तरी विश्वास ठेवायचा का?

रिझल्टवर ठेवा, पण तुम्ही काय केलंत बघा: आधी प्रॉक्सीशिवाय गेलात, खरा आयपी दाखवलात, पाच मिनिटांनी त्याच ब्राउझरने, त्याच कुकीसकट प्रॉक्सीतून परत गेलात. दोन्ही पत्त्यांची जोडी तुम्हीच तिच्या हातात दिली. म्हणून खरा आयपी आदल्या दिवशी एका साइटवर बघून कागदावर लिहून ठेवा, आणि प्रॉक्सीची टेस्ट दुसऱ्याच साइटवर, नव्या प्रायव्हेट खिडकीत करा. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता मात्र घेऊ नका, तो १०० ने सुरू होत असेल तर बऱ्याचदा कंपनीच्या आतला असतो आणि बाहेर वेगळाच दिसतो, मग जुळवत बसाल.