साचे कपाटात ठेवा, बोटांना काम द्या

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, पेन्सिल अजून मुठीत धरतो आणि चार रेघा मारल्या की हात दुखतो म्हणून उठून जातो. शाळेतल्या बाई म्हणाल्या बोटांत ताकद कमी आहे, घरी क्ले द्या. म्हणून आम्ही मोठा सेट आणला, प्राण्यांचे साचे, कटर, दाबून धागे काढायचं मशीन सगळं आहे त्यात. तो रोज आवडीने खेळतो, छान छान प्राणी काढतो, पण पेन्सिलच्या बाबतीत काही फरक नाही. क्ले बंद करून सरळ लिहायची प्रॅक्टिस सुरू करू का?

उत्तर : क्ले बंद करू नका, साचे आणि ते मशीन काही दिवस कपाटात ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलगा खेळतोय भरपूर, पण बोटांच्या वाट्याला काम येतच नाहीये. साच्यात क्ले भरली, वरून तळव्याने दाबली, झाला प्राणी तयार. जोर लागला तो खांद्याचा, आकार दिला प्लास्टिकने, बोटांनी फक्त कडेची जास्तीची क्ले काढली. दिसायला सुंदर दिसतं म्हणून आपणही खूश होतो, पण मला विचाराल तर मुलाने स्वतः वळलेला वाकडातिकडा, तीन पायांचा घोडा यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

पेन्सिल धरायला काय लागतं ते बघा. तळहातातच बारीक स्नायू असतात, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे तिथले तर फार महत्त्वाचे. मग मनगट किंचित मागे झुकलेलं स्थिर रहायला हवं आणि करंगळी-अनामिका आत मिटलेल्या हव्यात, म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मोकळेपणाने हलतात. हे सगळं एका साध्या गोळ्यातून होतं, फक्त गोळा बोटांनी हाताळला पाहिजे.

मला सगळ्यात आवडणारा खेळ सांगते. क्लेचा एक छोटा तुकडा करंगळी आणि अनामिकेखाली दाबून धरायला द्या, आणि त्याच हाताच्या उरलेल्या तीन बोटांच्या टोकांनी शर्टाच्या बटणाएवढ्या गोळ्या वळायला सांगा, तळव्यावर नाही हं, बोटांच्या टोकांवरच. सुरुवातीला दोन-तीन गोळ्यांतच थकेल, तिथेच थांबा, उद्या परत. या गोळ्यांचे मुंग्यांचे डोळे करा, माळ करा, काहीही करा, पण "व्यायाम करायचाय" असं म्हणू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो डबाच लपवून ठेवेल!

दुसरं म्हणजे चिमटे काढणं. लांब साप वळायचा (यात दोन्ही हात सारख्या जोराने चालवायला लागतात, ते वेगळंच शिक्षण आहे) आणि मग त्याच्या पाठीवर चिमट्या काढत काढत काटे उभे करायचे. तोच साप बोथट टोकाच्या कात्रीने कापायला दिला तर अजून छान, कारण कागद लुळा पडतो आणि क्ले हातात नीट धरता येते, कापल्याचं बोटांना कळतं. मोठे मणी गोळ्यात लपवून शोधायला देता येतील, पण घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर हा खेळ नकोच. आणि कधीतरी क्ले टेबलऐवजी टाइल्स लावलेल्या भिंतीवर किंवा फ्रीजच्या दारावर चिकटवून तिथे चित्र करू द्या, उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे झुकतं.

कडकपणाकडेही लक्ष द्या. प्ले-डो ही डब्यात मिळणारी मऊ क्ले खेळणं म्हणून १९५६ साली बाजारात आली, त्याआधी तो वॉलपेपर पुसायचा लगदा होता, आणि तो मुलांच्या हातात आला कारण नेहमीची मॉडेलिंग क्ले लहान हातांना फार कडक जायची. म्हणजे आधी मऊ, आणि ती सहज मळता यायला लागली की मग थोडी कडक. उलट केलंत तर मूल परत तळव्याने आणि अंगाच्या जोराने दाबायला लागतं. बसताना पाय टेकलेले हवेत, लोंबकळत नकोत.

आता लिहिण्याचं. नुसती क्ले खेळून पेन्सिल आपोआप नीट धरली जाईल असं मी म्हणणार नाही, खडूचे किंवा क्रेयॉनचे छोटे तुकडे रोज थोडा वेळ द्या, तुकडा लहान असला की मुठीत धरताच येत नाही. पण ओळीच्या ओळी गिरवून घेऊ नका. मनगटात आठ छोटी हाडं असतात, ती जन्मतः कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारखी लवचिक असतात आणि हळूहळू कडक होत जातात, या वयात हे काम अर्धवटच झालेलं असतं. तीन बोटांची सहज हलणारी पकड साडेचार ते सहाच्या दरम्यान येते, त्यामुळे उशीर झाला म्हणून घाबरू नका. हां, बटण लावणं, चमचा धरणं, झाकण फिरवणं हेही जड जात असेल, एक हात तो वापरतच नसेल किंवा हात थरथरत असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून हातांचे सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतील.

प्रश्न : नात दीड वर्षाची आहे, दिसेल ते तोंडात घालते. बाजारातली क्ले नको म्हणून घरी पीठ-मीठ मळून दिलं तर चालेल ना?

उत्तर : आजोबा, इथे जरा सांभाळा. घरच्या त्या गोळ्यात मीठ प्रचंड असतं, बऱ्याच कृतींत दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ, आणि इतकं मीठ लहान बाळाच्या पोटात जास्त गेलं तर खरंच धोका असतो. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. विकतच्या डब्यावर "नॉन-टॉक्सिक" लिहिलं असलं तरी ती खायची वस्तू नाही, शिवाय मऊ प्रकारांत बऱ्याचदा गहू असतो, त्याची ॲलर्जी असेल तर हाताळणंही नको. तोंडात घालायचं वय सरेपर्यंत क्ले राहू दे. पाण्यात बुडवलेला मोठा स्पंज पिळणं, मोठे ठोकळे डब्यात टाकणं-काढणं यातून बोटांना आत्ता हवं ते मिळतं, फक्त तुम्ही शेजारी बसा.

प्रश्न : क्ले आठवड्यात कडक होते, काय करावं?

उत्तर : पिठाची असेल तर थोडं थोडं पाणी लावून मळा आणि हवाबंद डब्यात ठेवा, भेगा पडून चुरा होत असेल तर टाकून द्या. तेलातली, प्लॅस्टिसिनसारखी असेल तर ती वाळत नाही, विल्यम हारबट या कलाशिक्षकाने १८९७ च्या सुमारास ती बनवली तीच न वाळणारी माती हवी म्हणून. ती फक्त थंडीने घट्ट होते, तिला पाणी लावू नका, हातात धरून ऊब द्या आणि मळा.