आजीच्या आजारपणाची वही

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. मुलीने नीट परीक्षा दोनदा दिली; पहिल्या वेळी 412 आणि दुसऱ्या वेळी 458 गुण मिळाले, ते शासकीय जागेला पुरले नाहीत. गेल्या वर्षी माझी आई नाशिकच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात सेप्सिसने गेली. रक्तदाब ठीक आहे, प्रकृती स्थिर आहे, असे सांगत होते आणि तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्या. तेव्हापासून मुलगी म्हणते की डॉक्टर व्हायचे नाही, असे का होते यावर संशोधन करायचे आहे. भेटीच्या वेळेत ती मॉनिटरवरचे आकडे वहीत उतरवत बसायची. ती वही मी परीक्षा होईपर्यंत कपाटात ठेवली आहे. आजीसाठी तरी तिने डॉक्टर व्हावे, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. हे संशोधनाचे खूळ कसे काढावे? आरोग्य विद्यापीठ नाशिकलाच आहे, तेथे काही ओळख काढता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला एकच ओळ पुरेशी आहे. म्हसरूळचे आरोग्य विद्यापीठ परीक्षा घेते आणि महाविद्यालयांना संलग्नता देते. एमबीबीएसचे प्रवेश नीटच्या गुणवत्तेवर केंद्रीय पद्धतीने होतात, त्यामुळे ओळखीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

गुणांची मला फारशी चिंता वाटली नाही. चिंता वाटली ती 'आजीसाठी तरी' या शब्दांची. तुम्ही ते मायेने लिहिले आहेत, याबद्दल मला शंका नाही. परंतु एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे शब्द ठेवले की चुकलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर आपण आजीचा शब्द मोडला असे तिला वाटू लागते, आणि अशा मनाने बसलेल्या मुली तिसऱ्या प्रयत्नात गुण वाढवण्याऐवजी झोप गमावताना मी माझ्या कॉलेज रोडवरच्या कार्यालयात दरवर्षी पाहतो. स्पष्टच लिहितो, राग मानू नका : आई तुमची गेली आहे. ते दुःख आणि 'आपण वेळेवर काही केले नाही का' हा सल तुमचा आहे. त्याची परतफेड मुलीच्या प्रवेशातून होणार नाही.

तुमच्या पत्रातील खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे : रक्तदाब ठीक असताना किडन्या बंद कशा पडल्या? तुम्ही बागायतदार आहात, म्हणून ठिबकाच्या भाषेत सांगतो. पंपाजवळचा गेज योग्य दाब दाखवतो, पाण्याच्या मीटरवरचा आकडाही बरोबर असतो. तरी एका ओळीतील काही वेली सुकतात, कारण तेथील ड्रीपर चोक झालेले असतात आणि शेजारचे ड्रीपर मात्र गरजेपेक्षा जास्त पाणी सोडत असतात. गेज खोटे बोलत नाही, तो पंपाजवळचा दाब सांगतो इतकेच. शरीरातील केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, इतक्या अरुंद असतात की सुमारे सात-आठ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) लाल रक्तपेशीला अनेक ठिकाणी अंग चोरून पुढे सरकावे लागते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवच निकामी होऊ लागतात तेव्हा, या वाहिन्यांचे आतले अस्तर सुजते, लाल पेशी ताठर होतात, गुठळ्या धरू लागतात. एका वाहिनीत रक्त धावत असते आणि तिच्या शेजारची थांबलेली असते. धावणारे रक्त प्राणवायू पुरेसा न देताच पुढे निघून जाते. मोठ्या धमनीतला दाब औषधांनी सावरला तरी ही खालची विस्कळीत अवस्था उरू शकते. किडनी बिघडण्याची याशिवायही कारणे असतात, त्यामुळे तुमच्या आईंच्या बाबतीत नेमके हेच झाले असे मी म्हणणार नाही. पण 'स्थिर आहे' असे सांगणारे डॉक्टर खोटेच बोलत होते, असा निष्कर्ष या घटनाक्रमातून निघत नाही.

आता तो गैरसमज, जो तुमच्याच नव्हे तर नाशिकमधल्या निम्म्या घरांत आहे : संशोधन ही ज्यांना डॉक्टर होता आले नाही त्यांची सोय. या एकाच विषयात पाहा. 1999 मध्ये ध्रुवीकृत प्रकाशाच्या साहाय्याने, रंगद्रव्य न टोचता, माणसाच्या जिभेखालची धावती रक्तपेशी दाखवणारे तंत्र प्रसिद्ध झाले. 2002 मध्ये ब्रुसेल्सचे अतिदक्षता तज्ज्ञ डॅनिएल डी बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तंत्राने सेप्सिसच्या रुग्णांत सूक्ष्म रक्ताभिसरण बिघडलेले असते हे दाखवून दिले. ही उपकरणे घडवण्यात आणि त्यांतून दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लावण्यात ज्यांचे नाव आघाडीवर आहे ते नेदरलँड्समधील जान इन्स हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आहेत. रुग्णाच्या उशाशी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ हे दोन्ही प्रकारचे लोक लागतात, शिवाय भिंगे घडवणारे आणि चित्रफितींतून आकडे काढणारी गणिते लिहिणारेही लागतात. उलट, एमबीबीएस झाले की संशोधन आपोआप जमते असेही नाही. पाठांतरावर पदवी मिळवून आयुष्यात एकही प्रश्न स्वतःहून न विचारलेले डॉक्टर मला पुष्कळ माहीत आहेत.

मुलीलाही एक कडू गोष्ट सांगायची आहे. हे काम दुरून दिसते तसे नाही. जिभेखाली पेनाएवढा कॅमेरा स्थिर धरायचा, लाळ पुसायची, आणि हात किंचित जड झाला तर आपल्याच दाबाने रक्त थांबते व चित्र खोटे ठरते, म्हणून पुन्हा घ्यायचे. तेही रडणाऱ्या नातेवाइकांची संमती घेतल्यानंतर. एवढे करून उत्तर हाती लागेलच असे नाही. अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे सेप्सिसवरचे औषध अमेरिकेत 2001 मध्ये मान्य झाले आणि मोठ्या चाचणीत उपयोग न दिसल्याने 2011 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. जिभेखालचा कॅमेराही अजून खाटेखाटेवर पोहोचलेला नाही. याउलट दक्षिण अमेरिकेतील 28 अतिदक्षता विभागांनी मिळून केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे साधन पाहा : रुग्णाच्या बोटाच्या पेरावर काचपट्टी दहा सेकंद दाबायची, सोडायची आणि पांढरे पडलेले पेर किती सेकंदांत पुन्हा लाल होते ते मोजायचे. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्त पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही असे धरून उपचार पुढे न्यायचे. लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, तपासून केलेल्या उपचारापेक्षा या रीतीने मृत्यू कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला, आणि संशोधकांना ते तसेच लिहावे लागले. ज्या मुलीला 'थोडक्यात कमी पडला' हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येईल, तिनेच या वाटेला जावे.

मार्ग नेहमीचेच आहेत. एमबीबीएस, मग भूलशास्त्र किंवा मेडिसिनमध्ये एमडी आणि त्यापुढे अतिदक्षतेतील डीएम ही एमडीनंतरची पदवी, हा एक. बीएस्सी किंवा आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेतील पाच वर्षे आणि मग पीएचडी, हा दुसरा. जैववैद्यकीय अभियांत्रिकी हा तिसरा. नीट परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, पण आयसरसारख्या ठिकाणी बारावी उत्तीर्ण होण्याच्या वर्षाची अट असते. तेव्हा 'अजून एक वर्ष थांबू' म्हणताना दुसरे दार बंद तर होत नाही ना, हे यंदाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. माझे मत विचाराल तर तिने नुसते घरी बसून तिसरा प्रयत्न करू नये. नाशिकमध्येच बीएस्सीला प्रवेश घ्यावा, नीट पुन्हा द्यायची की नाही हे तिचे तिने ठरवावे, आणि तिने 'नाही' म्हटले तर घरातल्या कोणी आजीचे नाव काढू नये.

आता त्या वहीविषयी. तिच्यात रक्तदाबाशेजारी लघवीच्या पिशवीवरचा आकडाही तारखेनिशी लिहिलेला आहे, असे तुम्ही पत्राच्या तळाशी तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. पहिला आकडा जागेवर आणि दुसरा उतरत चाललेला, हे तिने कोणी न शिकवता टिपले. अतिदक्षता विभागातील परिचारिका तासातासाला हेच दोन आकडे एकाखाली एक लिहितात. अशा मुलीला खूळ लागले आहे असे मला तरी म्हणता येणार नाही. ती वही कपाटातून काढून तिच्या हातात द्या, आणि पुढच्या आठवड्यात तिला माझ्याकडे पाठवा, एकटीला, वहीसह.