देवगिरीचा खजिना गेला कुठे?

प्रश्न : दौलताबादच्या किल्ल्यात यादवांचा खजिना अजून पुरलेला आहे, असं तिथे एकाने ठामपणे सांगितलं. खरं आहे का? – एक वाचक, दादर

उत्तर : नाही. तो खजिना दिल्लीला गेला. १२९६ साली कडा (अलाहाबादजवळचा प्रांत) इथला सुभेदार अलाउद्दीन खिलजी अचानक यादवांच्या राजधानीवर, देवगिरीवर (म्हणजेच आजच्या दौलताबादवर) चालून आला, तेव्हा बरीचशी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. यादव राजा रामदेवराव गडावर अडकले. फारसी इतिहासकार फरिश्ता सांगतो, घाईघाईत वर चढवलेली पोती धान्याची समजली होती, ती निघाली मिठाची. आपल्या कोकणातलं मीठ! इतका बेलाग डोंगर, आणि वर खायला दाणा नाही. मला खजिन्यापेक्षा ही पोतीच जास्त अस्वस्थ करतात.

शेवटी द्याव्या लागलेल्या खंडणीचा फरिश्त्याचा आकडा : ६०० मण सोनं, ७ मण मोती, १,००० मण चांदी. फरिश्ता तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा मण न् मण खरा धरू नका. लूट मात्र अफाट होती. दिल्लीचा सुलतान असलेल्या आपल्या चुलत्याचा खून करून अलाउद्दीन तख्तावर बसला, तो दिल्लीच्या वाटेवर हेच सोनं लोकांत उधळत.

तुम्ही दादरचे, म्हणून एक सांगतो. देवगिरीवरच्या संकटानंतर रामदेवरावांचा मुलगा भीमदेव माहीमला येऊन राज्य करू लागला, अशी बखरीतली परंपरा आहे.

यादवांचं सोनं पाहायचंच असेल तर नाणेसंग्रहात पद्मटंक शोधा : किंचित खोलगट नाणं, मधोमध कमळ. किल्ल्यात कुदळ मारू पाहणाऱ्याला मात्र जरूर अडवा, ते संरक्षित स्मारक आहे.