९० दिवसांना विलंबमाफी नाही

प्रश्न : माझ्या मुलाने मे महिन्यात अमेरिकेत मेकॅनिकल अभियांत्रिकीचे एम.एस. पूर्ण केले. ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर तिथे आपल्या विषयात काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीचे, कार्ड २२ जुलैला हाती आले. या परवानगीत एकूण ९० दिवसच बेरोजगार राहता येते, म्हणजे आज १२ सप्टेंबरला त्यातले ३७ दिवस उरले आहेत. रामदासपेठेतील एक सल्लागार दीड लाखात तिथल्या कंपनीचे नेमणूकपत्र द्यायला तयार आहे. ते घ्यावे का? तोवर मुलाने किराणा दुकानात काम केले तर चालेल का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : उन्हाळी पदवीदान आटोपले की अशी पत्रे येऊ लागतात आणि बहुतेकांत हीच चूक असते. आपण जोडलेल्या कार्डाच्या छायाप्रतीवर ‘व्हॅलिड फ्रॉम’ या शब्दांपुढे १ जुलै छापलेले आहे. दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. टपालाने कार्ड कधी पोहोचले, याला महत्त्व नाही. जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे १२ मिळून ७४ दिवस झाले, तेव्हा ३७ नव्हे, १६ दिवस उरले आहेत. शनिवार-रविवार वगळले जात नाहीत आणि या काळात मुलगा नागपूरला येऊन राहिला तरी मोजणी थांबत नाही. १ जुलै ही तारीख अर्जात त्याने स्वतःच मागितली होती, असे आपण लिहिता. मग ती तेव्हाच दिनदर्शिकेवर का नोंदवली नाही, हे मला कळत नाही. आपल्याकडे मुदत उलटली की विलंबमाफीचा अर्ज करण्याची सवय सर्वांनाच, आम्हा वकिलांनाही, जडली आहे. इथे तशी तरतूद नाही.

२८ सप्टेंबरपर्यंत खरे काम सुरू व्हायला हवे. ते त्याच्या अभ्यासविषयाशी संबंधित आणि आठवड्याला किमान २० तासांचे असले पाहिजे, म्हणून किराणा दुकान बाद. त्याने दिवस थांबणार नाहीत, उलट नियमभंग होईल. पगार मात्र पहिल्या वर्षाच्या ओपीटीत सक्तीचा नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत त्याच्याच विषयातले विनावेतन काम, तिथल्या कामगार कायद्याला बाध येत नसेल तर, चालू शकते. काम सुरू झाल्यापासून १० दिवसांत त्याची नोंद करावी लागते, आणि तास व कामाचे स्वरूप सांगणारे पत्र जवळ असावे. प्राध्यापकाचे काम या अटीत बसते का, हे विद्यापीठातील डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाविषयक नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारावे. मी अमेरिकेत वकिली करीत नाही, त्यामुळे त्यांचा शब्द माझ्याहून वरचा माना. स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवीधरांना ओपीटीत मिळणाऱ्या, २४ महिन्यांच्या मुदतवाढीचा विचार आज करू नका.

दीड लाखाचे पत्र घेऊ नका. काम न करता नोकरीची नोंद करणे हे खोटे निवेदन ठरते, आणि ते सिद्ध झाल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. अशा कागदी कंपन्या तिथल्या यंत्रणेने पूर्वी उघडकीस आणल्या आहेत आणि त्यांच्या नावावर नोंद असलेल्या विद्यार्थ्यांनाही त्याची झळ बसली आहे. काम मिळण्याची चिन्हे नसतील, तर दुसऱ्या अभ्यासक्रमात प्रवेश की परत येणे, हा निर्णयही ९० दिवस भरण्यापूर्वीच डीएसओसमोर मांडावा लागेल.

सल्लागाराला आगाऊ रक्कम दिली असल्यास पावती, बँकेतील नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुसू नका. फसवणुकीची तक्रार इथेच, नागपुरात करता येईल. पण त्यासाठी २८ सप्टेंबरनंतर भेटा. आज रात्री मुलाला फोन करा, म्हणजे तिथली सकाळ असेल आणि डीएसओचे कार्यालय उघडताच त्याला गाठता येईल.