उत्तर येईपर्यंतचा काळ : आरोग्य धोरणाच्या तरुण संशोधिकेस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

आरोग्य धोरणाच्या संशोधनात आयुष्य काढावे का, आणि काढले तर घर, माणसे, छंद यांच्यासाठी काही उरते का, असे तू विचारले आहेस. उरते. मात्र किती उरेल हे तुझ्या हुशारीपेक्षा किंवा पदव्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टीवर ठरेल. या क्षेत्रात ज्या दिवशी प्रश्न निघतो त्याच दिवशी शासनाला उत्तर हवे असते, आणि भरवशाचे उत्तर हाती येते तेव्हा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो. हे अंतर आपल्या स्वभावाला मानवेल का, याचा विचार अर्ज भरण्याआधी कर.

अंतर केवढे असते याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेत रँड या संस्थेने जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य विम्याचा एक मोठा प्रयोग केला. त्यात २,००० हून अधिक कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वेगवेगळ्या विमा योजनांत वाटले होते. काहींना सर्व उपचार मोफत, तर काहींना खर्चाचा कमीअधिक वाटा स्वतः उचलावा लागे. १९७४ मध्ये सुरू झालेला हा प्रयोग १९८२ मध्ये संपला. खिशातून पैसे भरावे लागले की लोक कमी उपचार घेतात हे त्यातून स्पष्ट झाले, पण त्यांनी गरजेचे आणि बिनगरजेचे असे दोन्ही उपचार जवळपास सारखेच कमी केले होते. सरासरी माणसाच्या प्रकृतीत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्या लोकांना मात्र मोफत उपचारांचा फायदा झाला. रुग्णाकडून पैसे घ्यावेत असे म्हणणारे आजही या निष्कर्षाचा पहिला भाग सांगतात आणि विरोधक दुसरा.

पुढे ऑरेगन राज्यातही असेच घडले. तिथे २००८ मध्ये गरीब प्रौढांसाठीच्या सरकारी विम्यातील मोजक्या जागा सोडत काढून भरल्या गेल्या, आणि त्या सोडतीमुळे संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. सुमारे दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्य कमी आढळले आणि उपचारांच्या खर्चाने कंबरडे मोडण्याचा धोका जवळजवळ नाहीसा झाला होता. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखर यांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध होताच दोन्ही बाजूंनी आपलाच विजय जाहीर केला. खोटे कोणीच बोलत नव्हते, प्रत्येकाने तक्त्याचा आपल्या सोयीचा भाग तेवढा वाचला होता. म्हणून सांगतो, निष्कर्ष लिहिताना गैरसोयीचे वाक्य शेवटच्या पानावरील 'मर्यादा' या मथळ्याखाली ढकलू नकोस. मुख्य वाक्याला लागूनच, त्याच परिच्छेदात ते लिही, म्हणजे ते वगळून उद्धृत करणाऱ्याला निदान थोडे कष्ट पडतील.

आता वाटचालीबद्दल. अर्थशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान (लोकसमूहांत रोग कसे आणि का पसरतात याचा अभ्यास), संख्याशास्त्र, समाजशास्त्र, वैद्यक यांपैकी कुठूनही या क्षेत्रात येता येते, पण एक तरी पद्धत मुळापासून शिकून ये. 'आंतरविद्याशाखीय' हे बिरुद तरुणपणी लावून घेणाऱ्यांना पुष्कळदा सगळ्याच शाखांत पाहुणे म्हणून वावरावे लागते, असे माझे मत आहे, आणि ते थोडे कडवट असले तरी मी बदलणार नाही. प्राध्यापकपद हीच एकमेव वाट आहे असेही समजू नकोस. ज्यांना चांगल्या उपचारांची सर्वाधिक गरज असते त्यांनाच ते सर्वांत कमी मिळतात, हा व्यस्त, म्हणजे उलट्या प्रमाणाचा, नियम १९७१ मध्ये मांडणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट वेल्समधील एका खाणकामगारांच्या गावात रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील नोंदी चाळून दाखवले की टॉन्सिल काढण्याचे प्रमाण एकाच राज्याच्या निरनिराळ्या भागांत कित्येक पटींनी वेगळे आहे, आणि हा फरक केवळ आजारपणातील फरकाने समजावता येत नाही. त्यासाठी नवे यंत्र लागले नव्हते; असलेल्या नोंदी गावनिहाय मांडून पाहण्याची चिकाटी लागली.

शक्य झाल्यास पदवीनंतरचा काही काळ एखाद्या आरोग्य खात्यात किंवा रुग्णालयाच्या व्यवस्थापनात घालव. अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात बंद होते, टिपण किती टेबलांवरून जाते, नोंदवहीतला रकाना प्रत्यक्षात कोण आणि किती घाईत भरतो, हे तिथेच कळते. माझी पत्नी परिचारिका होती. प्रतीक्षा कालावधीचे माझे आलेख पाहून तिने एकदा विचारले, की तुमचे घड्याळ सुरू कधी होते? नाव नोंदवल्यापासून, मी म्हणालो. नोंदणीच्या खिडकीपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ मग कुठे गेला, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्या संवादातून पुढे एक संपूर्ण अभ्यास उभा राहिला, आणि त्याचे श्रेय निबंधाच्या आभारांत एका ओळीने भागण्यासारखे नव्हते.

घराचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे लिहितो. तुझे आईवडील कधी आजारी पडतील, तेव्हा तू ज्या व्यवस्थेचा अभ्यास करतेस तिच्याच बाकावर जाऊन बसशील. तिथे सुचलेले प्रश्न जरूर टिपून ठेव, मात्र एका रुग्णाच्या अनुभवाला पुरावा समजू नकोस, आणि विशेषतः त्या दिवसांत घरच्यांना आकडे सांगू नकोस. जगण्याची सरासरी शक्यता किती, हे वडिलांना मुलीकडून ऐकायचे नसते.

पैशाविषयी स्पष्ट बोललेले बरे. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा अनुदानावर, ठरावीक मुदतीच्या असतात. गोपनीय नोंदी वापरण्याची परवानगी मिळण्यातच मुदतीतले कित्येक महिने जातात. घरात दोघांपैकी एकाचे उत्पन्न स्थिर नसेल तर हा ताण थेट संसारावर येतो. तेव्हा जोडीदाराशी याविषयी आधीच बोल, नेमणुकीचे पत्र आल्यावर नव्हे.

छंदाबाबत मात्र मी पक्षपाती आहे. मी सुतारकाम करतो. स्टूल डुगडुगते की नाही हे त्याच संध्याकाळी कळते, आणि त्यावर कोणाचा अभिप्राय मागवावा लागत नाही. ज्याच्या कामाचे फळ दहा वर्षांनी दिसायचे, आणि तेही कदाचित, त्याने लवकर निकाल देणारे काहीतरी हाताशी ठेवावे. तू गाणे शिकत होतीस, ते सोडू नकोस. रियाजाच्या वेळेत दूरध्वनी बंद ठेवलास म्हणून कोणत्याही देशाचे धोरण अडणार नाही.

तुझ्यापुढे असलेल्या दोन जागांबद्दल, एक सल्लागार संस्थेतील आणि दुसरी विद्यापीठातील, शेवटी लिहितो. सल्लागार संस्थेचे वेतन जास्त आहे, यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. पण करारात प्रकाशनाच्या हक्काचे कलम काय म्हणते ते शब्दशः वाच. निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी निधी देणाऱ्याला ते पाहण्यासाठी ठरावीक मुदत देणे रास्त आहे. त्याची संमती मिळाल्याशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही, अशी अट असेल तर ती बदलून माग, आणि बदलत नसतील तर विद्यापीठाची जागा घे. विश्लेषणाचा आराखडा आकडे हाती येण्यापूर्वी नोंदवण्याची मुभा आहे का, हेही विचार. दोन्ही करारांच्या प्रती मला पाठव. सही करण्याआधी आपण एकत्र बसून वाचू.

तुझा,
एक जुना मार्गदर्शक